एकाच प्लॉटात वरचा माल वाचला, खालचा गेला: ऑक्टोबर २०१९ ची डावणी

२०१९ चा विषय निघाला की आमच्याकडे कोणीही "पावसानं नेली बाग" म्हणतो आणि मोकळा होतो. मीपण दोन वर्षं हेच म्हणत होतो. पण माझ्या दोन एकर थॉमसन द्राक्षाच्या प्लॉटात जे झालं ते या वाक्यात बसतच नाही. वरचा एकर आणि खालचा एकर, मध्ये बांध नाही की वाट नाही, ड्रिपची मेन लाइन एक, छाटणी दोन दिवसात आटोपलेली, औषध एकाच टाकीतलं, पाऊस तर एकच. वरच्या एकरातून नेहमीच्या निम्म्याहून जास्त माल निघाला, खालच्यात मात्र डावणीनं, म्हणजे द्राक्षाच्या पानावर-घडावर पडणाऱ्या रोगानं, एवढं नेलं की शेवटी व्यापाऱ्याला बोलवायचीसुद्धा लाज वाटली. मग पाऊस एकच होता तर असं का झालं? ते सगळं डायरीवरून जुळवून इथं लिहितोय, ज्यांचे प्लॉट उताराचे आहेत त्यांच्या कामाला येईल.

आधी त्या वर्षाचं हवामान थोडक्यात. मान्सूनला जायचीच इच्छा नव्हती. तेव्हा परतीची सर्वसाधारण तारीख १ सप्टेंबर धरायचे, त्या वर्षी राजस्थानातून परतीला सुरुवात झाली ९ ऑक्टोबरला, नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढा उशीर झालाच नव्हता. बरं, तो गेला म्हणेस्तोवर अरबी समुद्रात क्यार वादळ तयार झालं, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, म्हणजे २७ ऑक्टोबरला, ते सुपर सायक्लोन होतं. ते ओमानकडं सरकतंय तोच ३० तारखेला 'महा' आलं. दोन्ही वादळं नाशिकपासून लांब, पण ढग आणि ओल आमच्या डोक्यावर. सूर्य असा नीट दिसायचाच नाही. पाऊसही रोज धो धो नव्हता हे मुद्दाम सांगतो. काही दिवस नुसती भुरभुर, काही दिवस तेवढंपण नाही, नुसतं कोंदट.

माझी छाटणी झाली २२ आणि २३ सप्टेंबरला. पितृपक्ष चालू होता, आप्पा म्हणत होते पंधरा दिवस थांब, घटस्थापनेनंतर लाव मजूर. मी ऐकलं नाही कारण लवकर माल आला की भाव सापडतो, आणि टोळीपण तेव्हाच मोकळी होती. (पुढं जे झालं त्यावर आप्पा पितृपक्षाचं नाव काढतात, मी कॅलेंडरचं काढतो, तारीख दोघांचीही एकच आहे.) डोळे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावली, दहा-बारा दिवसात डोळे फुटले, दसऱ्याला फुटवे बोटभर होते, सगळं एक नंबर. या हिशोबानं ३५ ते ४० वा दिवस, म्हणजे फुलोरा, कधी येणार? २७ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर. ऐन दिवाळीत, ऐन क्यारमध्ये. छाटणी करताना हे कोणालाच माहीत असणं शक्य नव्हतं, त्यामुळे त्याचा दोष मी स्वतःला देत नाही. बाकीच्याचा देतो, ते पुढं येईलच.

आता प्लॉट कसा आहे ते. वरचा एकर मुरमाड, हलका, पाणी पडलं की तासाभरात निचरा. खालचा एकर नाल्याकडं उतरतो, काळी भारी जमीन. पूर्वेच्या बाजूला नाल्याच्या काठानं बाभळींची रांग आणि पश्चिमेला शेजाऱ्याचा ऊस, त्या वर्षी आडसाली, डोक्याच्या वर गेलेला. म्हणजे सकाळचं ऊन बाभळींनी अडवलेलं आणि वारा उसानं. उन्हाळ्यात इथं मजूर जेवायला बसायचे, एवढी गार जागा! आम्हाला त्याचं कौतुक होतं.

भारी जमीन म्हणून तिथला जोमही जास्त. फुटवे जाड, पानं ताटाएवढी, आणि फेलफुट (नको असलेले जादा फुटवे) काढायचं काम वरून सुरू केलं ते खाली पोचेपर्यंत मजूरच गायब, कारण निवडणूक. २१ ऑक्टोबरला विधानसभेचं मतदान होतं, त्याआधीचा आठवडा गाड्या, सभा, जेवणावळी, शेतात कोण येतंय. तर खालच्या अर्ध्या ओळींत फेलफुट राहिलंच, कॅनॉपी, म्हणजे वेलीचा पानोळा, गच्च, आत हात घातला की पानाला पान चिकटलेलं.

डायरीत मी पाऊस मिलिमीटरमध्ये लिहीत नव्हतो, रेनगेज नव्हतंच, पडवीबाहेर ठेवलेल्या बादलीत किती बोटं पाणी साठलं ते लिहायचो. मतदानाच्या दिवशीची नोंद आहे "रात्री तीन बोटं, सकाळी बंद". त्याच्या आदल्या दिवशी मॅन्कोझेब मारलं होतं, ते त्या तीन बोटांबरोबर जमिनीत गेलं असं समजायला हरकत नाही, स्पर्शजन्य औषध आहे, पानाच्या अंगावर बसतं, आत जात नाही. २२ ला सकाळी मी वरनं खाली चक्कर मारली. वर साडेआठलाच पानं कोरडी झाली होती. खाली मी साडेदहाला गेलो तर अजून बाही ओली होत होती. डायरीत हे लिहिलंय पण कसं लिहिलंय बघा, "खाली अजून ओलं, ट्रॅक्टर दुपारी". म्हणजे मला ती फक्त ट्रॅक्टरची अडचण वाटली.

इथं थांबून डावणी कशी चालते ते सांगायला पाहिजे, कारण सगळा खेळ त्याच दोन तासांचा आहे. डावणीला आपण बुरशी म्हणतो पण ती पाण्यातल्या शेवाळाच्या जवळची जमात आहे, तिचं सगळं पाण्यावर चालतं. आधीच्या डागावर पानाच्या खालच्या बाजूला जी पांढरी लव येते ती रात्रीच येते, अंधार लागतो, हवेत जवळजवळ पूर्ण दमटपणा लागतो आणि असा किमान चारेक तास सलग लागतो. त्या लवीतले बीजाणू उडून दुसऱ्या पानावर पडले की तिथं पाण्याचा थर पाहिजे, मगच ते फुटतात आणि त्यातून शेपटीवाले बारीक जीव निघतात जे अक्षरशः पोहत पोहत पानाच्या छिद्रापर्यंत जातात आणि आत शिरतात. वीस-पंचवीस डिग्रीला हे काम दोन-तीन तासात उरकतं. त्याच्या आत पान वाळलं की ते बिचारे तिथंच मरतात. म्हणजे हिशोब असा की पाऊस किती बोटं पडला याला फार अर्थ नाही, पान सलग किती तास ओलं होतं याला आहे, आणि रात्रभर ओलं असलेलं पान सकाळी साडेआठला वाळलं की साडेदहानंतर वाळलं यात रोगाला जास्तीची एक पूर्ण संधी मिळते. दवानं ओलं झालं तरी चालतं त्याला, पाऊसच पाहिजे असं नाही.

भुरी हा द्राक्षावरचा दुसरा रोग, तिचं याच्या उलट, हेपण सांगून ठेवतो कारण दोन्हीत लोक गल्लत करतात. भुरीला पानावर साठलेलं पाणी मानवत नाही, तिला ढगाळ, मऊ, कोरडीशी हवा आवडते. म्हणून पाऊस उघडला आणि आपण सुस्कारा सोडला की पंधरा दिवसांनी भुरी येते.

तर २१ च्या रात्री खालच्या एकरात लागण झाली असं मी आता म्हणतो. तेव्हा काहीच दिसत नव्हतं, दिसणारही नव्हतं, आत शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत आपल्या हवामानात चार ते सात दिवस जातात. फवारणी झाली २३ ला दुपारनंतर, सायमोक्झॅनिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण. सायमोक्झॅनिलला आत शिरलेला रोग मारायची ताकद आहे पण ती साधारण दीड-दोन दिवसांपुरतीच, मी त्या मुदतीच्या काठावर होतो. वर लागणच थोडी होती म्हणून तेवढ्यावर भागलं, खाली नाही भागलं. शिवाय गच्च कॅनॉपीत ब्लोअरचं (ट्रॅक्टरला जोडलेल्या फवारणी पंख्याचं) औषध पानाच्या वरच्या बाजूला दिसतं छान, खालच्या बाजूला, जिथं छिद्रं आहेत आणि जिथून रोग शिरतो, तिथं पोचतच नाही. नंतर मी पाण्यावर रंग बदलणारे पिवळे कागद आतल्या पानांच्या पोटाला लावून बघितलं तर खालच्या ओळीत कागद जवळपास कोरडेच निघाले. हे आधी करायला काय झालं होतं? काही नाही, पन्नास रुपयांचं काम होतं.

२६ ला सकाळी पहिला डाग सापडला. डागपण कसा, तेल सांडल्यासारखा पिवळट, रुपयाएवढा, उन्हाकडं धरून बघितलं तर त्यातून उजेड येतो. मी घाबरून गेलो पण आप्पा म्हणाले आधी जिवंत आहे का मेलाय ते बघ, औषधानं मेलेला डागही पिवळाच दिसतो. मग आम्ही ते जुनं काम केलं, दहा-बारा डागाळलेली पानं तोडली, ओल्या पेपरात गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं आणि रात्रभर देवघराच्या कोनाड्याखाली अंधारात ठेवली. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या आधी पिशवी उघडली, बायको उटणं घेऊन उभी आणि मी पान उलटं करून मोबाइलचा टॉर्च मारतोय. खालच्या प्लॉटातल्या आठ पानांपैकी सात पानांना पांढरीशुभ्र लव, मीठ पसरल्यासारखी. वरच्या चार पानांपैकी एकाला.

आणि बरोबर त्याच दिवसांत ट्रॅक्टर खाली जाईना. २५ च्या रात्री चांगला पाऊस होऊन गेला होता, काळ्या जमिनीत चाक अर्धं बुडत होतं, एकदा घातला तर जेसीबी लावून काढायची वेळ आली असती. २६, २७, २८, तीन दिवस खालच्या एकरात औषधाचा थेंब नाही. वर मुरमात ट्रॅक्टर २७ लाच फिरला, डायमेथोमॉर्फ हे डावणीचं औषध गेलं. खाली शेवटी भाऊबीजेला एचटीपी पंप बांधावर ठेवून दीडशे फूट नळी ओढत, चिखलात पाय रोवत दोघा भावांनी मारलं. तोपर्यंत तीन ओल्या रात्री गेल्या होत्या आणि फुलोरा सुरू झाला होता. काही शेतकऱ्यांनी त्या दिवसात मॅन्कोझेबची धुरळणी केली, ओल्या पानावर कोरडीच पावडर, तेही हातानं डस्टर फिरवून. माझ्या शेजारच्या वाडीतल्या एकानं केली आणि त्याचा माल माझ्यापेक्षा बरा राहिला. मला ते तेव्हा येडेपणा वाटलं होतं, आता वाटत नाही.

पान गेलं तर वेल दुसरं पान काढते. फुलोऱ्यात घड गेला की विषय संपला. २ नोव्हेंबरला मी एक घड हातात धरला, देठ इंग्रजी एस अक्षरासारखा वाकलेला, अर्धी फुलं तपकिरी, टिचकी मारली तर फुलांच्या टोप्या आणि बारीक मणी सगळे भुरभुर तळहातावर. बाकीच्या अर्ध्यावर ती लव. काही ठिकाणी डावणी नव्हतीच, नुसती गळ होती, ढगाळ हवामानात उजेड नाही, वेल स्वतःचं पोट भरू शकत नाही तर घडाला काय देणार, ती टाकून देते. हे दोन्ही मिसळलेलं असतं, त्यामुळे कुठं डावणीनं गेलं आणि कुठं गळीनं हे घड हातात घेऊनच कळतं, पंचनाम्याला आलेल्या माणसाला बांधावरून कळत नाही.

फुलोरा आणि ओल एकत्र आली की धोका, हे काही फक्त द्राक्षाचं नाही. कॅलिफोर्नियात बदामाचा फुलोरा फेब्रुवारीत येतो, तिथं तेव्हाच पावसाळा, आणि तिथला ब्राउन रॉट फुलातूनच शिरून पुढं काडी वाळवतो. ते लोक गुलाबी कळी दिसली की पाऊस यायच्या आधी फवारतात, मधमाशी उडत नसेल अशा वेळी, सहसा संध्याकाळी. २०२३ ला त्यांच्याही फुलोऱ्यात थंडी-पाऊस मुक्कामी राहिला, मधमाश्या पेट्यांतून बाहेर पडेनात. बदामाच्या बागेचे व्हिडिओ बघताना मला त्यांचं एकच जाणवलं, ते पावसानंतर नाही, पावसाच्या आधी पळतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात गर्दी पाऊस उघडल्यावर होते.

दुकानाचं निघालंच आहे तर सांगतो. २९ ला मी ज्या दुकानातून औषध आणलं त्यानं डायमेथोमॉर्फबरोबर एक बिनलेबलची बाटली दिली, म्हणाला याच्यानं डावणी जळून जाते, सगळे घेऊन चाललेत. मी घेतली. घाबरलेला माणूस काहीही घेतो. त्या बाटलीत काय होतं हे मला आजही माहीत नाही, बिलात ती 'टॉनिक' म्हणून आहे. एक्स्पोर्टला रेसिड्यूचा, म्हणजे मालात राहिलेल्या औषधाच्या अंशाचा, रिपोर्ट लागतो, त्यात काही सापडलं असतं तर वाचलेला वरचा एकरही गेला असता. वरच्या एकरात ती मारली नव्हती, हे नशीबच म्हणायचं, अक्कल नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात महा वादळाची ओल आली तोवर खाली वाचवण्यासारखं राहिलं नव्हतं. आमच्यापेक्षा वाईट हाल कसमादेकडं, सटाण्याच्या बाजूला झाले, त्यांची छाटणी फार आधीची, त्यांचे मणी साखर भरायला आलेले, त्यात पाऊस आला आणि मणी तडकले. त्यांना डावणीची वाट बघावी लागली नाही. एक लक्षात घ्या, त्याच पावसानं त्यांचं नुकसान मणी फुटून, माझं फुलोऱ्यात, आणि माझ्याच भावकीतल्या एकाची छाटणी १३ ऑक्टोबरची होती, त्याची बाग दिवाळीत नुसती पोंग्यात (डोळा नुकताच फुटलेला, पानं अजून उघडायची), कोवळ्या पोंग्याला डावणी फारशी लागत नाही, त्यानं मार्चमध्ये भरलेला प्लॉट विकला. तिघांनाही पाऊस एकच.

राज्यपालांनी १६ नोव्हेंबरला फळबागेसाठी हेक्टरी १८ हजार जाहीर केले, २ हेक्टरपर्यंत. माझ्या खालच्या एकराला त्यातले सात हजार दोनशे बसतात. त्या पंधरा दिवसांच्या औषधाचं बिलच त्याच्या कितीतरी वर होतं. हवामानावर आधारित फळपीक विम्याचं तर काय बोलावं, तिथं मोजमाप महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर होतं, आणि ते केंद्र मोकळ्या जागेत, माझा रोग बाभळीखाली. केंद्राला माझ्या प्लॉटातले साडेदहा कसे कळणार?

पुढं काय बदललं ते सांगतो. पहिलं म्हणजे दोन एकर हा एक प्लॉट आहे हे डोक्यातून काढून टाकलं. खालच्या एकराची छाटणी आता १२ ऑक्टोबरनंतरच. याला किंमत आहे, माल उशिरा निघतो, मार्चच्या शेवटी सगळ्यांचाच माल येतो तेव्हा भाव पडलेला असतो, आणि डिसेंबरच्या थंडीत मणी फुगायला त्रास देतात. आप्पांना हे मान्य नाही, ते म्हणतात दर वर्षी २०१९ येत नाही. तेही खरंच आहे. पण आलं तर खालचा एकर आधी जाणार हे मला माहीत आहे.

फेलफुट आता खालून सुरू करतो, वर शेवटी. ही एवढीशी गोष्ट, फुकटातली, पण मजूर पळाले तरी वरचंच राहतं जिथं राहिलेलं चालतं. छाटणीनंतर ओळीत पडलेली रोगट पानं आधी तिथंच कुजू द्यायचो, आता गोळा करून बाहेर नेऊन पुरतो, त्यातच पुढचं बियाणं असतं. ओल्या सकाळी खाली नुसता ब्लोअर फिरवतो, टाकी रिकामी, फक्त हवा. लोक हसले, पंपात औषध टाकायला विसरला का म्हणून विचारलं. पण साडेदहाला वाळणारी पानं नऊच्या आत वाळतात, आणि दीड तासाच्या डिझेलमध्ये रोगाची एक संधी काढून घेतली तर ते स्वस्तच आहे. जमीन चिखल झालेली असेल तर हे जमत नाही, मग माणसं लावून मांडवाच्या तारा हलवायच्या, पाणी तेवढं तरी झडतं.

२०२१ ला चौघांनी मिळून वेदर स्टेशन घेतलं, त्यात पान ओलं आहे की नाही हे सांगणारा सेन्सरही येतो. बसवायला आलेल्या पोरानं तो वरच्या एकरात, विहिरीजवळ मोकळ्यावर लावला, म्हणाला इथं रेंज चांगली येते. मोबाइलवर दिसायचं 'धोका कमी' आणि मी खाली उभा, बाही ओली. पंधरा दिवस असं चाललं, मग मीच पाइप उपटून बाभळीच्या सावलीत, तिसऱ्या ओळीत नेऊन रोवला. रेंज जाते अधूनमधून. पण आता मोबाइल आणि बाही एकच सांगतात.

ऊस शेजाऱ्यानं स्वतःहून मोडला, त्याचं कारण वेगळं होतं. बाभळींपैकी सहा आमच्या हद्दीत होत्या, त्यांच्या फांद्या आम्ही छाटल्या. राहिलेल्या तीन नाल्यापलीकडच्या काकांच्या आहेत, त्यांच्या शेळ्यांना शेंगा लागतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं अजून चालूच आहे.